बिजलीचं शेपूट

२ डिसेंबर, सोमवार
आजपासून फक्त बिजली, आमची घोडी. यंदा माळेगावच्या यात्रेत घोड्यांमध्ये पहिला नंबर आपला. शेजारच्या किशनरावची घोडी गेल्या साली दुसरी आली, तेव्हापासून माणूस हवेत आहे. तिची आयाळ म्हणजे झिजलेली केरसुणी. आमच्या बिजलीचं शेपूट जमिनीला टेकतं. निर्धार: रोज पहाटे उठून खरारा. चिडायचं नाही. मालक चिडका असला की जनावर चमकत नाही, असं व्हिडिओत सांगितलंय.

३ डिसेंबर, सकाळी साडेनऊ
पहाटे थंडी होती. खरारा उद्यापासून. आज अंघोळ, बायकोच्या, म्हणजे सिंधूच्या शाम्पूने. बिजली पांढरीशुभ्र निघाली. सोडली, तर थेट उकिरड्यावर जाऊन चारी पाय वर करून लोळली. मुद्दाम! माझ्याकडे बघत! काठी फेकली. किशनराव थोडक्यात वाचला. तो कुंपणापलीकडून हसत होता. या माणसाच्या मनात काहीतरी आहे.

६ डिसेंबर
व्हिडिओवाल्याला काही कळत नाही. स्वतःचा फॉर्म्युला काढला: शेपटाला गुळाचं पाणी, अंडं, थोडं मीठ. गुळाने केसांना वजन येतं. सिंधू भडकली, "खायाचं सामान शेपटाला लावून राहिले! डोकं ठिकाणावर हाय का?" संशोधकाच्या बायकोला हे सोसावंच लागतं. गप्प बसलो. जेवल्यावर मात्र बरंच बोललो.
बिजली एकटी बिथरते म्हणून तिच्या मागे कालवड बांधली. सिंधूने माहेरून आणलेली, लाल कंधारी जातीची. बिनकामाचं जनावर.

११ डिसेंबर
शेपूट कापलंय! खालून चांगलं हातभर गायब! जळतात लोक. तडक किशनरावकडे गेलो आणि पाहुण्यांसमोर विचारलं, कात्री कुठंय? तो म्हणाला, "वैजनाथ, लई वर्साचा चहा हाय रं आपला." आणि आत गेला. उत्तर दिलं नाही, म्हणजे कबुलीच. त्याच्यासोबतचा संध्याकाळचा चहा बंद.

१४ डिसेंबर
अजून कमी झालं. फॉर्म्युला दुप्पट केला. दुपारभर काठी घेऊन बाजेवर पहारा दिला, डोळ्याला डोळा लागू दिला नाही. तरी वीतभर गेलं! माझ्या नाकासमोर! कॅमेरा मागवला.

१७ डिसेंबर
कॅमेरा लागला. गल्लीच्या ग्रुपवर टाकलं, "उद्या सायंकाळी माझ्या अंगणात टीव्हीवर चोराचं तोंड बघायला सर्वांनी यावे." किशनरावला वेगळा निरोप. मी स्वतः आधी बघणार नाही. मजा सगळ्यांसोबतच.

१८ डिसेंबर
टीव्हीवर कालवड. शेपूट तोंडात धरून उसासारखं चघळत होती. शेजारी बाजेवर मी. तोंड उघडं, काठी पोटावर. मी विचार करत होतो. घोरण्याचा आवाज हा कॅमेऱ्याचा दोष आहे. कंपनीला कळवणार.
अख्खी गल्ली हसली. एकटा किशनराव हसला नाही. चपला घातल्या आणि निघून गेला. हसला असता तर भांडता तरी आलं असतं. सगळ्यात जास्त राग याचाच आलाय.

३० डिसेंबर, दुपार
बिजलीला यात्रेला नेलं नाही. शेपटाचा नुसता दांडा उरलाय. सिंधू मात्र कालवड घेऊन गेली, किशनरावच्या टेम्पोतून. "वहिनी, जागा हाय," म्हणाला. मला विचारलं नाही.
आत्ता फोटो आला. कालवडीचा पहिला नंबर. परीक्षकांनी विचारलं म्हणे, अंगावर एवढी चमक कशाने? सिंधूने सांगितलं, "गूळ अन् अंडी. आमचे मालक सोताच्या हातानं लावतेत." फोटोत मागे किशनराव उभा, हातात चहाचा कप.
'अभिनंदन' टाईप केलं. खोडलं.
बिजलीला माश्या हाकलता येत नाहीत. सकाळपासून मी टॉवेलने हाकलतोय. थांबलो की वळून बघते आणि पाय आपटते. नालायक घोडी. अक्षर वाकडं येतंय, कारण डाव्या हाताने लिहितोय. उजवा रिकामा नाही.