उकळतं तळं आणि आपले थिओफिलस दाजी

मु. लोदा, डॉमिनिका बेट

तीर्थस्वरूप फिलोमिनाताईस,

धाकट्या बॉनिफेसचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरोखरच वाकून. पाठ सरळ होत नाही, कारण पुढे येईलच.) लीड्सच्या थंडीत तुझे गुडघे कसे आहेत? इकडचं म्हणशील तर डोंगर बरे आहेत, पाऊस बरा आहे, कोंबड्याही मजेत आहेत. मी तेवढा दमलोय. कोलंबसाने आपलं बेट रविवारी पाहिलं म्हणून बेटाचं नावच डॉमिनिका, म्हणजे रविवार, ठेवलं, आणि न उतरता शहाणा पुढे निघून गेला. त्या रविवारच्या बेटावर मला मात्र एक सुट्टी मिळत नाही.

दाजींना पाठवताना तू लिहिलं होतंस, "बस-कंडक्टरची नोकरी संपल्यापासून हे घरात बोलतच नाहीत. खिडकीशी बसतात आणि रस्ता बघतात. गावच्या हवेत जरा बोलतं कर यांना. मला भीती वाटते रे." ते वाचून मी खूप प्रयत्न केले गं. गंधकाच्या गरम कुंडात बसवलं, तर वासाने नाक धरून बसले. सिसेरू पोपट दाखवायला रानात नेलं. दिवसभर मान वर करून दोघेही अवघडलो, पोपट काही आला नाही. (पोपट आपल्या झेंड्यावर आहे, तो तिथेच बघावा असं माझं आता मत झालंय.) कलालूच्या पानांचं सार केलं, फणसासारखं ते आपलं ब्रेडफ्रूट निखाऱ्यावर भाजलं. सगळं मुकाट्याने खायचे, अंगातला कोट न काढता व्हरांड्यात बसायचे आणि समोरच्या पायवाटेकडे बघायचे. तिथून बस येणार नव्हती, हे मी त्यांना कसं सांगणार?

शेवटी कंटाळून एके सकाळी, मला वाटाड्या म्हणून बोटीवरच्या पर्यटकांना उकळत्या तळ्याकडे न्यायचं होतं, त्यांच्यातच दाजींना घातलं. ती वाट तुला ठाऊक आहे. चढ संपला म्हणावं तर उतार, उतार संपला म्हणावं तर पुन्हा चढ. ओसाड दरीत, जिथे जमिनीतून वाफा फुसफुसतात, तिथल्या राखाडी चिखलाने दाजींचा डावा बूट गिळला. (तू घेतलेला, नवाकोरा. मी हात घालून पाहिला, हात भाजला.) मग एक पाय माझ्या चपलेत घालून दाजी आणि एक पाय अनवाणी घेऊन मी, असे आम्ही वर पोचलो. पाहतो तर काय, तळ्यावर वाफ आणि धुकं असं दाटलेलं की स्वतःचा हात दिसेना. खाली कुठेतरी पाणी खदखदतंय एवढाच आवाज.

एक बाई वैतागून मला म्हणाली, "एवढं चालवलंत ते हे दाखवायला? इथे तर काहीच नाही!"

तेवढ्यात मागून आवाज आला, "बाई, तळं काय तुमच्याकडे नोकरीला आहे?"

दाजी! इतक्या महिन्यांनी तोंड उघडलं ते असं. मग थांबेनातच. म्हणाले, "काहीच नाही म्हणता? माझ्या पणजीची आजी मळ्यातल्या गुलामीतून पळाली ती याच डोंगरात. मालकाची माणसं कुत्री घेऊन मागे लागली, आणि हेच धुकं खाली उतरलं. कुत्र्यांना वास लागेना, माणसांना वाट दिसेना. ही बाई दगडाला चिकटून बसली, पोटात पोर घेऊन. त्या दिवशी ऊन पडलं असतं, तर मी नसतो. जरा गप्प बसा आणि ऐका."

सगळे खालची खदखद ऐकत उभे राहिले. ती बाईसुद्धा. धुकं शेवटपर्यंत हललं नाही, पण कोणी तक्रार केली नाही. दाजींनी कोट काढला आणि हातावर घेतला. डोळे पुसत होते की वाफ, मी विचारलं नाही.

इथवर वाचून तुला बरं वाटलं असेल. माझे हाल आता सुरू होतात. त्या दिवसापासून दाजी बोलतायत ते बोलतायतच. आता पर्यटक त्यांनाच मागतात. दाजी पुढे काठी घेऊन, "पुढे सरका, आत भरपूर जागा आहे!" असं डोंगरात ओरडत, आणि मी मागून सगळ्यांची पाण्याची ओझी घेऊन. इतिहास तर रोज नवा. फ्रेंचांना आणि इंग्रजांना बेटावरच्या मूळच्या कालिनागो लोकांनी कितीतरी वर्षं दाद दिली नाही, हे खरं. पण त्यांच्या मदतीला सिसेरू पोपटांची पलटण होती, हे मी कुठेही ऐकलेलं नाही. पर्यटक लिहून घेतात. चर्चमधले पाद्री परवा मला अडवून म्हणाले, "तुझ्या दाजींना आवर, पोरं आता शाळेत पोपटांची लढाई सांगतात."

ताई, मी थकलो. यांना परत बोलावून घे.

तुझा,
बॉनिफेस

ता. क. वरची शेवटची ओळ दाजींनी खांद्यावरून वाचली. उठून व्हरांड्यात गेले आणि पुन्हा पायवाटेकडे बघत बसले. ती ओळ रद्द समज.

ता. क. दुसरा. खरं लिहायचं होतं ते हे: ते परतणार नाहीत. मागच्या खोलीला तुझ्यासाठी पूर्वेची खिडकी बसवतायत. तुला विचारायचं धाडस होत नाही, म्हणून मला रोज विचारतात, "फिलोमिनाला आवडेल ना रे?" तूच ये, कायमची. फक्त त्यांना आधी कळवू नकोस. तुला अचानक दारात बघून त्यांची वाचा बसली, तर मला निदान एक दुपार झोप मिळेल.