मी झोपली नव्हती

राळेगाव, १३ नोव्हेंबर १९९७

ति. भाऊ यांस,
धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र दिवाळीआधीच आलं होतं. उत्तर आज लिहिते आहे, तेही शेताच्या कडेला धुऱ्यावर बसून, म्हणून अक्षर असं. बाया भाकर खात आहेत, तेवढाच वेळ माझा. यंदा कापसाच्या वेचणीला बाया मिळत नाहीत. अळीनं निम्मी बोंडं पोखरली आहेत. दिवसभर वेचून कमरेची ओटी भरत नाही, मग कोण येईल? सकाळी स्वयंपाक, निशिगंधाची शाळा, सासूबाईंच्या गुडघ्याला शेक, आणि नऊपासून मी पऱ्हाटीत.

कादंबरीचं विचारलंत. साप्ताहिकात आठ प्रकरणं छापून आली. दर बुधवारी सकाळच्या यवतमाळ गाडीच्या कंडक्टरजवळ लिफाफा द्यायचा, की शनिवारच्या अंकात येतं. गेल्या महिन्यात दोन बुधवार चुकले. एकदा निशिगंधाला ताप होता, एकदा यांच्या मामेबहिणीचं लग्न. संपादकांचं कार्ड आलं की आणखी एक बुधवार चुकला तर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल. रागावून लिहिलेलं नाही, पण लिहिलं आहे. कालचा लिफाफा कसाबसा गेला. पुढचं मात्र डोक्यात काहीच नाही. आधी ओळीतून वेचत चालताना मनात वाक्यं जुळायची. आता नुसती कंबर दुखते. यांना सांगितलं तर म्हणाले, कायले जिवाले लावून घेतं, सोडून दे.

वहिनींना नमस्कार. बाया उठल्या, मीही उठते. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
सत्यशीला


वणी, १९ नोव्हेंबर १९९७

चि. सौ. सत्यशीला हीस,
अनेक आशीर्वाद.

पत्रासोबत पऱ्हाटीचं एक पान चिकटून आलं. तुझ्या वहिनीनं विचारलं की माहेराला आहेर एवढाच का! इथे सगळं ठीक. धुतलेले कपडे वाळेपर्यंत कोळशाच्या धुळीनं काळे होतात, ते तर तुला माहीतच आहे.

बाई, सोडू नकोस. आपल्या घरात छापून आलेलं नाव तुझं पहिलं. खाणीच्या ऑफिसात मी तो अंक मुद्दाम टेबलावर ठेवतो, म्हणजे लोक विचारतात आणि मला सांगता येतं की ही माझी बहीण. नवीन सुचत नसेल तर घरातलंच काही घे. इतक्या वर्षांचं सासर आहे तुझं, कोणाच्या तरी पोटात काही साठलेलं असेलच. नाव-गाव बदललं की कोण ओळखतं? मात्र बुधवार चुकवू नकोस.

जावयांना नमस्कार, निशिगंधाला पापा. स्वतःच्या जेवणाची आबाळ करू नकोस, एवढं भावाचं ऐक.

तुझा,
घनश्याम


राळेगाव, १ डिसेंबर १९९७

ति. भाऊ यांस,
नमस्कार, वि. वि.

मधला एक बुधवार कसाबसा निभावला, मग मी तुमचं ऐकलं. आता काय झालं ते सांगते.

सासूबाईंना यांच्या आधी एक मुलगी झाली होती, हे लग्नाच्या पहिल्या वर्षी यांनीच मला सांगितलं होतं. पाच महिन्यांची पोर, वेचणीच्या दिवसांत बाभळीला बांधलेल्या झोळीत ठेवलेली, तिथेच गेली. सासूबाईंचा डोळा लागला होता, असं यांचे आजोबा सांगत. घरात त्यावर कोणी चकार शब्द काढत नाही. मी नाव बदललं, गाव बदललं, आणि एका दुपारी दहा पानं झाली. आई झाडाखाली झोपली आहे, सावली सरकते आहे, लेकराच्या तोंडावर ऊन येतं आहे, असं लिहिलं. लिहिताना रडले. आणि खरं सांगते, बुधवार साधला म्हणून बरंही वाटलं.

शनिवारी अंक आला तेव्हा मी शेतात होते. निशिगंधानं आईचं कौतुक म्हणून आजीला सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. मी घरी आले तर सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. जेवल्या नाहीत. काल सकाळी गाठोडं बांधून घाटंजीला त्यांच्या भावाकडे, सदाशिवरावमामांकडे, निघून गेल्या. जाताना यांना एवढंच म्हणाल्या की तुह्या बायकोच्या हातचं मी आता खात नाही. यांनी मला विचारलं, काय केलं तू? मी अंक हातात दिला. वाचून म्हणाले, खोटं त काही नाही लिवलं, पण लिवायचं नव्हतं.

परवा बुधवार आहे. त्या आईचं पुढे काय होतं, ते आता लिहायचं. तुमचं उत्तर त्याआधी पोचणार नाही हे कळतं, तरी विचारते, मी काय करू?

तुमची,
सत्यशीला


वणी, ८ डिसेंबर १९९७

चि. सौ. सत्यशीला हीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून घरी बसवेना. काल रविवार होता, घाटंजीला जाऊन आलो. तुझ्या सासूबाई, तानाबाई, अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी शेजारी बसलो आणि सांगितलं की घरातलं लिही असं मीच तिला म्हटलं, रागवायचं तर माझ्यावर रागवा. त्यांनी सगळं ऐकलं, पण हात थांबवला नाही. नंतर बोलल्या, ते जसंच्या तसं लिहितो.

म्हणाल्या, लिवलं त्याचं काही नाही. पण मी झोपली नव्हती. पोरीच्या अंगात सकाळपासून ताप होता. दोन खेपा सासऱ्याले म्हटलं का घरी जाऊ द्या. तो म्हणे, हातची ओळ सोडायची नाही. मी वेचून राह्यलती. ओळ सरली तवा झोळीपाशी गेली, त पोर थंडी पडली होती. सून झोपली होती म्हणून गावात त्यानंच सांगतलं. चाळीस वर्सं मी ते ऐकलं. आता ते छापून आलं, अन् माह्याच नातीनं मले वाचून दाखवलं.

बाई, मग मीही त्यांच्यासोबत शेंगा सोलू लागलो. निघताना त्यांनी चहा पाजला.

बुधवारी तू काय केलंस? लिफाफा गेला असेल तर तसं कळव, नसेल तरी कळव. मी तुला घाई केली, हे मला जन्मभर लागून राहील. तरी या भावावरचा लोभ कमी करू नकोस.

घनश्याम


राळेगाव, २८ डिसेंबर १९९७

ति. भाऊ यांस,
नमस्कार, वि. वि.

लिफाफा गेला नाही. तयार होता. त्यात त्या आईला वेड लागतं, असं लिहिलं होतं. गाडी लागली, कंडक्टरनं नेहमीसारखा हात पुढे केला, आणि मी आज नाही म्हणून परत फिरले. खरं काय ते तेव्हा मला ठाऊकही नव्हतं. पण सासूबाईंची रिकामी बाज पाहून निघाले होते, हात पुढे झाला नाही.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी कापूस तसाच पऱ्हाटीवर सोडून घाटंजीला गेले. हे कुरकुरले, पण अडवलं नाही. पहिल्या दिवशी मी सासूबाईंच्या पाया पडले, तर त्यांनी पाय मागे घेतले. दुसऱ्या दिवशी दुपारी आपणहून म्हणाल्या, आण कागद, लिव. मी लिहायची, वाचून दाखवायची, त्या चूक काढायच्या. मी लिहिलं की आई धावत झोळीकडे गेली. तर म्हणाल्या, धावली नाही, पायच उचलत नव्हते. मुलीचं नाव कौसल्या होतं. या घरात सून होऊन मला बारा वर्षं झाली, ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. असे तीन दिवस गेले. इतकं हळू मी कधीच लिहिलं नव्हतं.

ती पानं मी संपादकांना पाठवली आणि विनंती केली की आधीचं चुकलं होतं, हे छापा. त्यांचं उत्तर परवा आलं. जागा दुसऱ्या कादंबरीला दिली आहे, आणि गोष्टीतल्या बाईबद्दल खुलासा छापला तर वाचक गोंधळतील. म्हणजे छापलं ते तसंच राहणार. वाचनालयात तो अंक अजून टांगलेला आहे.

सासूबाई घरी आल्या आहेत. अजून आपली भाकर आपणच थापून खातात. मी काही म्हणत नाही.

आज दुपारी त्यांनीच सांगितलं की ते कागद काढ आणि तुह्या नवऱ्याले वाचून दाखव. मी वाचलं. हे दारात बसून ऐकत होते. आजोबांचं नाव आलं तेव्हा यांनी मान वर केली, आणि नंतर शेवटपर्यंत खाली घातली. वाचून झाल्यावर आईला म्हणाले, माय, मले काहून नाही सांगतलं? सासूबाई म्हणाल्या, तू कधी इचारलं?

भाऊ, मीही विचारलं नव्हतं, सरळ लिहिलं होतं.

आणखी काही लिहवत नाही. वहिनींना नमस्कार सांगा, आणि या बहिणीला पदरात ठेवा.

तुमची,
सत्यशीला