अडकलेला कागद काढताना

२ जानेवारी १९५६, सोमवार
आजपासून मी नोकरदार! गिरगावातल्या एका विमा कंपनीच्या कचेरीत सायक्लोस्टाईल यंत्रावर लागले. प्रभादेवीहून निघताना धाकटा भाऊ गंगाधर चिडवत होता, ताईच्या पोळ्यांना आता शाईचा वास येणार. यंत्र विजेवर चालणारं, नवं कोरं. स्टेन्सिल चढवायची, कागदांचा गठ्ठा तबकात ठेवायचा, बटण दाबायचं. रबरी चाकं एकेक कागद आत ओढतात आणि पलीकडून छापून बाहेर टाकतात. हेडक्लार्क शामराव म्हणाले, जपून वापरा, कचेरीत त्याचा मान माझ्याहून मोठा आहे. टायपिस्ट आनंदीबाईंनी डब्यातली वालाची उसळ वाढली. खोलीला खिडकी, खिडकीत ऊन. आणखी काय हवं?

५ जानेवारी, गुरुवार
कागद फार अडकतात. दोन जोडीनं आत शिरतात आणि मध्येच चुरगळून बसतात. आज हट्टालाच पेटले. गठ्ठा फुलवून हवा खेळवली, टेबलावर आपटून कडा सारख्या केल्या, चाकं स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली, तबकाच्या पट्ट्या जरा सैल केल्या. मग काम सुरळीत. शामराव खूश. एकच कागद निघेना. बटण बंद करून, दोन बोटं घालून ओढला. कोपऱ्यावर चिमटीत धरल्यासारखा वळ होता. आतल्या एखाद्या चापाचा असेल.

१० जानेवारी, मंगळवार
आता कागद कडेला अडकत नाहीत, आत अडकतात. मनगटापर्यंत हात घालावा लागतो. वरचं झाकण उघडलं तर आत काहीच दिसत नाही. झाकण लावून तबकाच्या बाजूनं हात घातला की कागद लागतो. असं कसं? आनंदीबाईंना विचारलं. त्यांनी टाइप करणं थांबवलं नाही. गेला तो गेला, दुसरा घाल, एवढंच म्हणाल्या. मला एका जागी बसवेना. सारखी उठत होते.

१३ जानेवारी, शुक्रवार
आज कोपरापर्यंत. यंत्र काही एवढं रुंद नाही. माझी बोटं पलीकडून बाहेर यायला हवी होती. आली नाहीत. आत गार होतं. चाचपडत होते तोच कागद हातात दिला गेला. अलगद. प्रसाद देतात तसा.
मी रडायला लागले तेव्हा आनंदीबाई बोलल्या. माझ्या आधी लक्ष्मी नावाची मुलगी होती. एका दुपारी अडकलेला कागद काढायला बसली, ती पुन्हा दिसली नाही. चपला यंत्राखाली होत्या. साहेब म्हणाले, पळून गेली. चपला टाकून कोण पळतं?
सोमवारी राजीनामा द्यायचा. नक्की.

१७ जानेवारी, मंगळवार
राजीनामा राहिला. मुंबई महाराष्ट्रापासून तोडल्याचं काल रेडिओवर सांगितलं. शहर पेटलंय. ट्रामा बंद, घरी जाता येत नाही. कचेरीजवळच आनंदीबाईंची खोली आहे, तिथं राहिले. गंगाधर लालबागला संयुक्त महाराष्ट्राच्या स्वयंसेवकांत आहे, असा निरोप आला. यंत्राला आज हात लावला नाही. तरी चाकं फिरल्यासारखा आवाज — आनंदीबाईंनीही ऐकला.

१८ जानेवारी, बुधवार
चळवळीची माणसं शामरावांकडे आली. दुपारी लालबागहून मोर्चा निघणार, आणि वाटेत बंदुका रोखून पोलीस बसलेत. मोर्चा रद्द, घराबाहेर पडू नका, अशी पत्रकं ताबडतोब हवीत. छापखाने बंद. मोर्चाच्या पहिल्या रांगेत गंगाधर आहे.
पहिलाच कागद अडकला.
आनंदीबाईंनी माझा दंड धरला. "अगं कालिंदी, हात घालू नकोस. आपण हातानं लिहू!"
"हातानं किती लिहिणार, आनंदीबाई? माझा भाऊ आहे तिथं."
घातला. धरलं —

मी ओढलं की चाकं थांबतात. हात आत जाऊ दिला की पत्रकं सुटतात. एक, आणखी एक, मग भराभर. शामरावांनी वायर उपटून टाकली. चाकं फिरतातच आहेत. मी म्हटलं, फिरू द्या.

पत्रकं झाली. दोघं मला सोडून जाईनात. शपथ घातली, तेव्हा गठ्ठे घेऊन धावले. आनंदीबाई मिस्त्रीला घेऊन येणार आहेत. खांद्यापर्यंत आत आहे. गाल पत्र्यावर. डाव्या हातानं लिहितेय — कुणी आलं तर कळावं.

शामराव खालून, रस्त्यावरून ओरडले. लालबागचे लोक परत फिरले, गंगाधर सुखरूप आहे. वर येत होते, तेवढ्यात शिपायांनी हाकललं. कर्फ्यू. मिस्त्री नाही. आनंदीबाई नाहीत.
गंगाधर सुखरूप. सुखरूप.

आत माझा हात उताणा केलाय. तळव्यावर बोट फिरतंय. अक्षरं — सावकाश, गिरवून —
दु
स
रा
दुसरा काय?
पुन्हा तेच. दुसरा — दुसरा हा