जुन्या रेकॉर्डींची प्रतवारी

४ जानेवारी १९८४
आजपासून कामाला लागलो. केळीची वाडी थोरल्या पोराच्या हवाली केली, हात मोकळे. लोक कॅसेटच्या मागे लागलेत आणि घरातल्या रेकॉर्डी भंगारात काढतायत. त्या मी घेणार, पुसणार, ऐकणार, प्रत ठरवणार. मग स्टेशनजवळ छोटंसं दुकान. फक्त सिंगल, म्हणजे पंचेचाळीस स्पीडच्या छोट्या चकत्या. मोठ्यांचा पसारा नको.

प्रतवारी शिकायला कुणाकडे जायला नको. जन्मभर केळी निवडली. डाग नाही ती राजेळी. एखादा ओरखडा असला तर वेलची. खरखरत का होईना, वाजते ती बसराई. बाकी सगळी साल.

प्रेमलता म्हणाली, अहो, केळं डोळ्यांनी निवडतात. म्हटलं, मग कान काय भिकबाळी घालायला दिलेत?

११ जानेवारी
धर्मा भंगारवाल्याकडून गोणीभर आणल्या. एक राजेळी निघेल तर शपथ. लोक रेकॉर्डीवर वाटण वाटतात की काय? बघायला आरसा, पण पिन ठेवली की आवाज गोधडीत गुंडाळलेला. बायकांचे गळे तर पार बसलेत.

धर्माला सुनावलं. म्हणाला, शेठ, काल आमच्या पोरी ह्यावरच नाचल्या. विकणारा दुसरं काय बोलणार!

२० जानेवारी
नवी पिन बसवली. फरक नाही. खाडीची खारी हवा लागत असणार. रेकॉर्डी आता तांदळाच्या डब्यात ठेवायच्या. (प्रेमलता नाही म्हणाली.)

हिचंही हल्ली काहीतरी बिनसलंय. पुटपुटते. म्हटलं, तोंड उघडून बोल. तर अशी किंचाळली की शेजारचा कुत्रा उठून बसला. मधलं काही जमतच नाही हिला.

२ फेब्रुवारी
पलीकडच्या वाडीतली क्लेमेंटीन आली. तिचा नवरा पास्कल गेल्याला दुसरं वर्ष. बोटीवर होता तेव्हा परदेशातून एक सिंगल आणली होती, त्यावरच दोघं साखरपुड्यात नाचली. ती रेकॉर्ड पदराखाली घेऊन आली होती.

म्हणाली, दिनूभाऊ, रोज संध्याकाळी प्रार्थना झाली की एकदा लावते. तेवढ्यापुरता तो घरात असल्यासारखा वाटतो. पण हल्ली कट कट वाजते. लावत राहू की जपून ठेवू, तेवढं सांगा. तुमचा कान जाणता.

जाणता! घरात कुणी म्हटलं नाही इतक्या वर्षांत.

३ फेब्रुवारी
तीनदा ऐकली. लेबलवर व्हायोलिन छापलंय. व्हायोलिन कुठंच नाही. नुसता ढोल, तोही भिंतीपलीकडून आल्यासारखा. प्रेमलता तांदूळ निवडता निवडता म्हणाली, किती गोड वाजतंय हो व्हायोलिन. हिचा स्वभावच तसा, कुणाचं वाईट बोलवत नाही.

प्रत: साल. जड मनानं लिहिली, पण मैत्रीसाठी प्रत वाढवली तर मी निवडणारा कसला?

५ फेब्रुवारी
क्लेमेंटीनला सांगितलं, यात आता काही उरलं नाही. म्हणाली, मला तर सगळं ऐकू येतं भाऊ. समजावलं, मायेच्या माणसाला येणारच. ऐकतेस ती आठवण, रेकॉर्ड नव्हे. खूप रडली. मग मीच उपाय काढला. अशा रेकॉर्डी गरम पाण्यात मऊ करून लोक छान वाट्या करतात. पास्कलच्या फोटोपुढे राहील, रोज फुलं घाल. म्हणाली, तुम्ही म्हणता तर करा. एकदा शेवटची लावू का? म्हटलं, कशाला जिवाला त्रास.

आमच्याच चुलीवर पाणी ठेवलं, करवंटीवर पालथी घातली. कडेला सुंदर चुण्या पडल्या. तिनं अबोली घालून ठेवली. कुणाच्या तरी उपयोगी पडलो.

१२ फेब्रुवारी
क्लेमेंटीनची रिटा मुंबईहून आली, नवा टेपरेकॉर्डर घेऊन. म्हणे, आईची रेकॉर्ड कॅसेटवर भरून घ्यायची होती. वाटी बघितली आणि थेट माझ्या अंगणात. काका, गेल्या महिन्यात मी ऐकली, स्वच्छ होती! एक कट कट होती फक्त. आता आई संध्याकाळी नुसती बसून राहते.

पोरगी दमून आली होती. मी काही मनावर घेतलं नाही.

जेवण गेलं नाही. पित्त असावं.

१८ फेब्रुवारी
प्रेमलतानं हट्टानं कानाच्या डॉक्टरकडे नेलं. मळ निघाला की तिचं समाधान होईल म्हणून गेलो. डॉक्टरनं एक लोखंडी चिमटा ठोकून कानाशी धरला. वाजतच नव्हता. म्हटलं, डॉक्टर, हा बदला, पार साल झालाय. त्यांनी तोच प्रेमलताच्या कानाशी नेला. ती दचकून मागे सरली.

मग ते तिच्याशीच बोलले. मळ नव्हता. बारीक, उंच आवाज दोन्ही कानांतून गेलेत. परत येत नाहीत.

परत येताना ती माझा हात धरून चालत होती. भर बाजारात. असं कधी केलं नव्हतं.

१९ फेब्रुवारी
धर्माच्या गोणीतली व्हायोलिनची एक रेकॉर्ड शोधली. प्रेमलताला समोर बसवलं. सांगितलं, व्हायोलिन वाजलं की बोट वर कर.

तिनं बोट वर केलं. ते रेकॉर्ड संपेपर्यंत खाली आलं नाही.

दुसरी लावली. तिसरी लावली. शेवटी तिचा हात भरून आला, तेव्हा थांबवलं.

२० फेब्रुवारी
क्लेमेंटीनकडे गेलो. प्रेमलता बरोबर येते म्हणाली, नको म्हटलं. हे माझं मलाच बोलायला हवं होतं.

ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होती. उभ्याउभ्याच सांगितलं. रेकॉर्ड चांगली होती गं. माझेच कान गेलेत. तू सांगत होतीस, मी ऐकलं नाही.

हात थांबले तिचे. मान खाली घालून, शेंगांकडे बघत ती बोलायला लागली. बराच वेळ बोलली. अगदी हळू. एक शब्द लागेल तर शपथ. रागावली, की जाऊ द्या म्हणाली, की पास्कलशीच बोलत होती, देव जाणे. पुन्हा सांग, असं कोणत्या तोंडानं म्हणू? मान डोलावली. तिनं वर बघितलं, जणू काही विचारलंय. मी पुन्हा डोलावली, आणि निघालो.

प्रेमलता दारातच उभी होती. काय म्हणाली हो ती?

हे मात्र स्वच्छ ऐकू आलं.