ऐंशी किलोचं कॅरियर

डोक्कुम, ३ एप्रिल

ती. वीब्रेनदादास, धाकट्या यित्स्केचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. वारा नेहमीसारखा तोंडावरच. तू चाळीस वर्षं लोकांच्या सायकली दुरुस्त केल्यास, म्हणून विचारते. माझ्या विजेच्या सायकलला मागे टिकाऊ कॅरियर हवंय. दुकानात बांबूचं एक पाहिलं, काय गोड दिसतं! घेऊ का? बटाटे आणायचेत.

लोभ ठेव, नसेल तर निदान उत्तर धाड.
यित्स्के

झुत्फेन, ९ एप्रिल

चि. सौ. यित्स्केस, अ. उ. आशीर्वाद.

बांबू? अगं, कॅरियर घेतेयस की फुलदाणी? कॅरियरवर बारीक आकडा छापलेला असतो, बहुतेकांवर सत्तावीस किलो. तो वाचायचा असतो, बाई. पोलादी नळीचं घे, चार ठिकाणी थेट सांगाड्याला आवळलेलं, पाय मागच्या आसाजवळ टेकणारं. पण आधी वजन सांग. तुझ्या डाउवेंना, आमच्या जावईबापूंना, नमस्कार. त्यांच्या गायनमंडळाचा जूनमधला उत्सव ऐकायला मी येतोय.

तुझ्यावर लोभ आहेच, इलाज नाही.
वीब्रेन

डोक्कुम, १४ एप्रिल

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

ऐंशी किलो.

तुझी यित्स्के

झुत्फेन, १८ एप्रिल

चि. सौ. यित्स्केस, अ. उ. आ.

दोन म्हाताऱ्यांना ऐंशी किलो बटाटे? भजी तळायचा गाडा टाकतेयस का? की या बटाट्याला मिशा आहेत? खरं काय ते लिही, नाहीतर मी आजारी पडेन काळजीने.

वीब्रेन

डोक्कुम, २३ एप्रिल

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

मिशा आहेत. यांची नजर गेली, दादा. मार्चपासून समोरचं धूसर, आता तेवढंही नाही. कुणाला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली होती, ती मी आत्ता मोडली. घराबाहेर पाऊल नाही. मंडळात गात नाहीत, माझ्याशी भांडतसुद्धा नाहीत! शेजाऱ्यांची गाडी नको, मी काय पार्सल आहे का म्हणतात. दोघांनी चालवायच्या जोडसायकलचा विषय काढला तर म्हणाले, ती फिरायला येणाऱ्या जर्मन पाहुण्यांना शोभते. पण कॅरियरवर बसायला तयार आहेत. लग्नाआधी मी त्यांच्या मागे बसायचे, आता अदलाबदल. मंडळ सहा किलोमीटरवर आहे. ते तुटलं तर माणूस खुर्चीतच संपेल. मला फार भीती वाटते रे.

एवढं लिहून मोकळी झाले. लोभ वाढव.
यित्स्के

झुत्फेन, ६ मे

चि. सौ. यित्स्केस, अ. उ. आ.

वेडे, हे आधी नाही का सांगायचं! माणूस पेलेल असं कॅरियर तुझ्या सायकलसाठी दुकानात मिळालं नाही. मी स्वतः बनवलंय, जाड पोलादाचं. पाय ठेवायला पट्ट्या आहेत, धरायला तुझ्या सीटमागे मूठ आहे. वाळूची शंभर किलोची पोती बांधून खडबडीत विटांच्या रस्त्यावर आठवडाभर फिरवलं. पोरं हसली, कॅरियर हललं नाही. पार्सल पाठवलंय. बोल्ट गावच्या कारागिराकडून आवळून घे, जावईबापूंना हौस आली तरी त्यांच्याकडून नको.

धाक आणि लोभ दोन्ही आहेत.
वीब्रेन

डोक्कुम, २० मे

प्रिय वीब्रेन, स. न. वि. वि.

मी डाउवे बोलतोय, लिहितेय तुमची बहीण. (जे बोलतील तेच लिहीन असं वचन दिलंय.) काल मंडळात जाऊन आलो. तुमचं पोलाद पक्कं आहे, बहीण नाही. वळणावर घंटी वाजवत नाही, पुलावर गियर बदलत नाही, बदकांसाठी थांबते आणि माणसांसाठी नाही. सहा किलोमीटर मी हेच सांगत होतो, ऐकेल तर शपथ! (मार्चनंतर पहिल्यांदा इतकं बोलले. मी रडत होते. त्यांना सांगितलं, वाऱ्याने डोळ्यांत पाणी येतंय.) जूनमध्ये मी गाणार आहे, तेव्हा या.

आणखी एक, तुमच्या-माझ्यातच ठेवा. पुलावर मी तिच्या पाठीला डोकं टेकलं आणि पहिल्यांदाच अंधाराची भीती वाटली नाही. हे यित्स्केला कळू देऊ नका.

आपला,
डाउवे

(लिहिलं रे, दादा. मी काही ऐकलं नाही.)