चुक्याचे दात

प्रिय अण्णा,

फोनवर तुम्ही विषय बदलता, म्हणून कागदावर लिहिते आहे. मध्येच तोडता येणार नाही.

पवई तलावाच्या काठावरचा आपला रानचुका अजून जागेवर आहे. मरोळहून ऑफिसला जाताना वाकडी वाट करून रोज बघून येते. आई चणाडाळ घालून करायची तो बाजारातला चुका हा नव्हे, एवढं नक्की. याची पानं लांबट, कडेला लाटा. पण पानांवर जाऊ नकोस, ती फसवतात, हे तुम्हीच शिकवलंत. याला भावंडं फार, आणि सगळी एका चेहऱ्याची. ओळख पटते ती फळावरून: दाण्याला कवटाळून बसलेल्या तीन पाकळ्या, पाठीवर कणीएवढा फुगवटा आणि कडेला दात. दात आखूड तर एक जात, केसासारखे लांब तर दुसरी. खालच्या फळांचे मला आखूड दिसले. पण ते वाढायचे थांबलेत की नाहीत, कोण सांगणार? या रोपाने इतकं छळलंय की परवा मीटिंगमध्ये मी कागदावर दातच काढत बसले होते.

आता आपण दोघं तलावावर गेलो होतो त्या रविवारचं. तुम्ही फळ चिमटीत धरलंत, उजेडाकडे नेलंत आणि म्हणालात, दात नाहीत गं याला, कडा साफ आहे. उभा जन्म शाळेत झाडं शिकवलेले तुम्ही! एरवी मी चुक्यात चूक म्हणून हसले असते. पण मला ते दात भिंगाशिवाय दिसत होते, अण्णा. रिक्षात मी तोंड फिरवून बाहेर बघत होते ती रडू येत होतं म्हणून.

मोतीबिंदू पिकलाय, हे आपल्या डॉक्टरांनी दिवाळीतच सांगितलं. आई इस्पितळात गेली ती परत आली नाही, म्हणून तुम्ही ती पायरी चढत नाही. भीती मलाही वाटते. तरी पुढच्या गुरुवारची तुमच्या ऑपरेशनची तारीख घेतली आहे, रजाही टाकली आहे. वरची फळं पिकायला अजून महिना आहे. तोवर मी या रोपाला नाव देणार नाही, दुसऱ्या कुणाला विचारणारही नाही. ते तुम्ही बघून सांगायचं. आणि हे पत्र शेजारच्या विमलामावशी वाचून दाखवताहेत, हे मला ठाऊक आहे. मावशी, गुरुवारचं पुन्हा एकदा वाचा, जरा मोठ्याने. ऐकू आलं नाही म्हणतील.

फळ पिकायची वाट बघणारी, तुमचीच
गंधाली