मृदसंधारणाची पोथी

२३ जुलै १९७९, सोमवार. सेलू
निश्चय. श्रावण लागला की रोज दिवेलागणीला घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून वाचन करायचं. मोठ्यानं.

कारण लीला. पोरगी डी.एड. झाली, मार्क चांगले, पण चारचौघांत वाचताना अडखळते. पुढच्या महिन्यात परभणीच्या एका खासगी शाळेत मुलाखत आहे. तिथं कमिटीपुढे धडा वाचून दाखवावा लागतो. मागच्या मुलाखतीत तिला स्वतःचं नावसुद्धा सांगता आलं नाही. बरं झालं मी शेजारी होतो. नाव, गाव, मार्क, सगळं मीच सांगितलं. तरी घेतलं नाही. लोकांना कदर नाही.

या वेळी तयारी माझ्या हातात. महिनाभरात घडाघडा वाचेल.

२४ जुलै
पुस्तक निवडायला घरात मीटिंग घेतली. लोकशाही पद्धत, प्रत्येकाला बोलू दिलं. सौ. म्हणाली, दिवाळी अंकातल्या गोष्टी वाचू. नामंजूर. त्यात बायका नवऱ्याला उलट बोलतात. आई म्हणाली, श्रावण हाय, पोथी लावा. नामंजूर. पोथीची भाषा जुनी, कमिटीपुढे चालायची नाही. लीलानं लायब्ररीतून लहान मुलांच्या गोष्टींचं पुस्तक आणलं होतं. तिनं ते नुसतं पुढे सरकवलं. चाळून बघितलं. एक कोल्हा टोपी घालून बाजाराला जातो. आता याच्यावर काय बोलणार!

शेवटी एकमतानं माझं पुस्तक ठरलं. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क असल्याचा हा फायदा. ऑफिसच्या कपाटात 'मृदसंधारण व ग्रामोन्नती' नावाचा ग्रंथ आहे. जाडजूड, शुद्ध भाषा. असले जोडशब्द जिभेवर बसले की मुलाखत कोणत्या झाडाचा पाला!

२५ जुलै
घोटाळा झाला. वाचायला बसायला गेलो तर आईनं आधीच पाट मांडून समई लावलेली. पुस्तक माझ्या हातातून घेतलं, कव्हरवर हळदकुंकू वाहिलं, वर जास्वंदीचं फूल. म्हणालो, अगं आई, हे मातीवरचं सरकारी पुस्तक आहे. म्हणाली, मग माती काय देव न्हाई का? श्रावणात दिवा लावून वाचायला घेतलं की ती पोथीच. आता समाप्ती होईपर्यंत अर्ध्यात सोडायची न्हाई, सोडली तर घराला बाधतं.

असो. शिस्तीला मदतच झाली. ऑफिसात परत करताना कुंकवाचं काय सांगायचं ते नंतर बघू.

२९ जुलै
आज वाचायची पाळी लीलाची. मी अगदी शेजारी बसतो आणि चूक झाली की तिथल्या तिथं दुरुस्त करतो. 'मृद'वरच अडली. म्हणालो, पुन्हा. पुन्हा अडली. पुन्हा म्हणालो. शेवटी शब्द मीच पुरा केला, मग ओळ, मग पान. माझा आवाज छान लागला होता.

प्रगती आहे. ती लक्ष देऊन ऐकते. सौ.नं आत पातेलं आपटलं. हात ओले असतील.

३ ऑगस्ट
आईनं गल्लीभर सांगितलं की आमच्यात पोथी लागलीय. आज शेजारच्या बायनाबाई आणि त्यांच्या जाऊबाई पार्वतीबाई पायावर पाणी घेऊन येऊन बसल्या. ग्रंथातल्या नालाबांधाच्या आकृतीला नमस्कार केला. म्हटलं उत्तम, रंगीत तालीम होईल. लीलाला म्हणालो, समज, हीच तुझी कमिटी.

ती 'उतार' या शब्दाच्या 'उ'वर अशी अडकली की मान लाल झाली, डोळे भरले. बायनाबाई म्हणाल्या, सावकाश वाच बाई, कुठं गाडी धरायचीय. मी त्यांना सांगितलं, वाचन चालू असताना मधे बोलायचं नाही. त्यावर सौ. सगळ्यांदेखत म्हणाली, मग तुमी का बोलायलाव?

मार्गदर्शन आणि मधे बोलणं यातला फरक बायकांना कळत नाही.

७ ऑगस्ट
पुस्तक जरा जड पडतंय. माणसानं लवचिक असावं. ऑफिसातल्या बन्सीधरकडून वक्तृत्वावरचं छोटं पुस्तक मागून आणलं. आईनं त्याला पाटाच्या आसपाससुद्धा येऊ दिलं नाही. म्हणाली, घरात लग्नाची पोर हाय आणि तू अर्धी पोथी उठवायलास? काय म्हणावं तुला!

ग्रंथ उचलून बघितला. निम्म्याच्या वर बाकी. माझाच ग्रंथ, माझ्याच्यानं बंद होईना.

१० ऑगस्ट
मुलाखतीचं कार्ड आलं. सतरा तारीख. लीला जेवली नाही. पोट दुखतंय म्हणून आत जाऊन झोपली. आईनं खंड पडू दिला नाही, म्हणून मी वाचलं. बायनाबाईंनी जांभई दिली.

मला भीती वाटायलीय. इथं लिहितो, बाहेर बोलणार नाही. मागच्या वेळी शाळेच्या शिपायानं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, साहेब, मुलगी मुकी हाय का? तिनं ते ऐकलं होतं. या वेळी जर तसंच झालं तर ती पुन्हा कुठं जाणारच नाही. घरात सगळे माझ्याकडे असे बघतात, जसं मीच काही केलंय.

११ ऑगस्ट
आणि नेमकं आत्ता! येलदरीला पाणी चढायलंय, साहेबांनी आठवडाभर धरणावर ड्यूटी लावली. मुलाखतीला शेजारी कोण बसणार? रजा मागितली, नाही मिळाली. आईला म्हणालो, मी नसताना वाचन बंद पडणारच, देवाची माफी मागून ठेव. आई हसली. का, ते कळलं नाही.

१५ ऑगस्ट. येलदरी
बन्सीधरचा निरोप. नामांतराच्या मोर्च्यामुळे परभणीच्या गाड्यांचा भरवसा नाही. शाळेनं मुलाखती चोवीसवर ढकलल्या. देव माझ्या बाजूनं आहे!

दिवेलागणीला रेस्टहाऊसच्या व्हरांड्यात बसलो की घर आठवतं. आत्ता तिकडं सामसूम असेल. बिचारी पोर. मी नाही तर तिला कोण सांगणार, कुठं चुकलं म्हणून.

१९ ऑगस्ट, रविवार. सेलू
संध्याकाळच्या एसटीनं आलो. गल्लीत शिरलो तर आमच्या दारात चपलाच चपला. वाटलं, आईचं काही झालं. पळतच दारापर्यंत गेलो.

आत कुणीतरी वाचत होतं. घडाघडा. बांधबंदिस्ती, क्षारयुक्त, समपातळी, एकही शब्द अडत नव्हता. मधेच थांबून विचारत होतं, पार्वतीकाकू, तुमच्या रानातला ओघळ असाच हाय ना? बायका हसल्या, ती पण हसली. म्हटलं, सौ.नं कुण्या मास्तरीणबाईला आणलं वाटतं.

लीला होती. तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीतच नव्हतं.

मला रडू आलं. खरंच आलं. डोळे पुसून शाबासकी द्यायला आत गेलो. तिनं वर बघितलं आणि पुढचा शब्द आलाच नाही. सगळ्या बायका माझ्याकडे बघायल्या. आई म्हणाली, मार्तंडा, तू ओट्यावर बस बाबा.

२० ऑगस्ट
ओट्यावरून आवाजाचं परीक्षण जास्त चांगलं होतं. थोडं अंतर लागतंच. आज सहज खोकलो तर आतलं वाचन थांबलं. बायनाबाई डोकावून गेल्या.

२२ ऑगस्ट
समाप्ती. मृदसंधारणाला नारळ फुटला, पुरणाचा नैवेद्य झाला. शेवटची पानं विहिरींच्या दुरुस्तीवर होती, बायकांनी तीही हात जोडून ऐकली. मला पोळी ओट्यावर आणून दिली. तूप भरपूर होतं.

माझी पद्धत यशस्वी ठरली, फक्त गुण उशिरा आला.

२३ ऑगस्ट
उद्यासाठी रजा मंजूर. शर्टाला इस्त्री केली. कमिटीपुढे काय काय सांगायचं ते पाठ केलं.

संध्याकाळी लीला येऊन समोर उभी राहिली. काहीतरी सांगायचं होतं. 'बाबा'च्या 'बा'वर अडली. एरवी तिचा शब्द मी पुरा करतो. आज तोंड उघडलं, पण ती पुढे काय म्हणणार ते मला सुचेना. थांबलो. बराच वेळ लागला. मग म्हणाली, बाबा, तुम्ही येऊ नका. आजी येतीय.

बरं म्हणालो. इस्त्रीचा शर्ट घडी करून ठेवला. रजा तशीच राहू दिली.

२४ ऑगस्ट, शुक्रवार
सकाळच्या गाडीनं दोघी गेल्या. दिवसभर घरात येरझाऱ्या घातल्या. सौ. म्हणाली, एका जागी बसा, फरशी झिजायलीय.

संध्याकाळी आई रिक्षातून उतरली ती पेढे घेऊनच. घेतलं पोरीला! कमिटीनं वाचायला तिच्या आवडीचा धडा सांगितला होता. तिनं टोपीवाला कोल्हा वाचला. कमिटी हसली म्हणे. नाव तिनं स्वतःच सांगितलं.

आता लीला आत चुलीपाशी सौ.ला सगळं पहिल्यापासून सांगायलीय. मी ओट्यावर आहे. इथून निम्मंच ऐकू येतं. आत जाऊन बसावं असं फार वाटतं.

घशात मघापासून खोकला अडलाय. दाबून धरलाय.